काळ्या रेतीत एक मूठ सरकी

"अवो, जोडे घाला आधी! पाय जळून राह्यले ना तुमचे!"

मंदा ओरडत होती. माझी बायको एरवी ओरडत नाही. चाळीस वर्षांच्या संसारात ती तीनदा ओरडली असेल, आणि त्यातल्या दोन वेळा मी विहिरीच्या काठावर उलटा चालत गोष्ट सांगत होतो. पण त्या दिवशी तिचा आवाज लाटांच्या वर गेला. मी काळ्या रेतीच्या बरोब्बर मध्यभागी होतो. मागं जोडे, पुढं समुद्र, दोन्ही सारख्याच अंतरावर, आणि डोक्यावर दुपारचे बारा. त्या रेतीवर भाकर टाकली असती तर टम्म फुगली असती. मी नाचत होतो. दिग्रसच्या पोळ्यात कोणताही बैल असा नाचला नसेल. छत्रीखाली पडलेल्या एका गोऱ्या बाईनं उठून माझा फोटो काढला, आणि आमची मुलगी पल्लवी, आपण या माणसाला ओळखत नाही असा चेहरा करून नारळाची झाडं मोजू लागली.

शेवटी मी समुद्राकडेच पळालो. पाय पाण्यात गेले तेव्हा चर्र असा आवाज आला. मंदा म्हणते, आला नाही. ती लांब होती.

जोडे काढले कायले, हे तिनं नंतर दहादा विचारलं. मी काढले नाहीत, ते निघाले. झाडी संपली आणि समोर ती पट्टी आली. काळी, सपाट, लांबून ओलसर दिसणारी, शेवटची वखरणी होऊन पेरणीसाठी तयार पडलेल्या वावरासारखी. आमच्याकडे अशा वावरात कुणी पायताण घालून शिरत नाही. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काढून ठेवायचं, मग पाय आत टाकायचा. मी छत्तीस वर्षं सरकारी खुर्चीत काढली, तिफण हातात धरली असेल ती फोटोपुरती. तरी हात आपोआप नाड्यांकडे गेले आणि जोडे झाडाखाली शेजारी शेजारी ठेवले गेले, नीट, देवळाबाहेर ठेवावे तसे.

बेटाचं नाव सांगत नाही. लपवायचं म्हणून नाही. मला ते घेता येत नाही, अर्ध्यावर जीभ आखडते. दोन विमानं, एक जीप, जिच्यापुढं आमची पुसदची एसटी म्हणजे पाळणा, आणि शेवटी एक बोट. पल्लवीच्या कंपनीनं तिला त्या देशात दोन वर्षांसाठी पाठवलं होतं, तिनं आम्हाला बोलावून घेतलं. बेटाच्या मधोमध एक डोंगर, तोंडातून बारीक धूर सोडत, जेवण झाल्यावर विडी ओढत बसलेल्या माणसासारखा. नावाडी काहीतरी सांगत होता, पल्लवी त्याचं मराठी करत होती. हा डोंगर आग ओकतो, आग निवून दगड होते, समुद्र तो दगड दळत बसतो, आणि ही रेती होते.

"आपल्या काळ्या मातीचंही असंच आहे बाबा," पल्लवी म्हणाली. "फक्त आपली आग फार जुनी. केव्हाच विझली."

मी मंदाकडे पाहिलं. "सांगितलं होतं का नव्हतं मी?"

"सांगतलं होतं," मंदा म्हणाली. "पन तवा ते खोटं होतं."

हे तिचं बरोबर होतं. आणि त्याच खोट्यासाठी मी समुद्र ओलांडून तिथं आलो होतो, खिशात एक चुन्याची डबी घेऊन.

पाय पाण्यात ठेवून उभा राहिलो तेव्हा वास आला. खारा तर होताच, पण त्याच्याखाली दुसरा, तापलेल्या तव्यावर पाण्याचा हबका मारल्यावर येतो तसा. तो वास मला ओळखीचा होता. उन्हाळ्यात आमच्या सासुरवाडीच्या वावराला असा वास यायचा. भेगा पडायच्या, आणि कशा भेगा. एकदा त्यात माझ्या सासऱ्यांचा विळा पडला तो पुढच्या वर्षी शेजारच्या गावच्या विहिरीत निघाला. पावसाळ्यात तीच माती पायाला अशी धरायची की वावराच्या या टोकाला निघालेला बुटका माणूस त्या टोकाला उंच होऊन पोचायचा. मंदाला पाहायला गेलो तो दिवस पावसाळ्यातला होता. घरात शिरेपर्यंत मी चांगला सहा इंचांनी वाढलो होतो. लग्नानंतर पाय धुतल्यावर तिला खरी उंची कळली, पण तोवर उशीर झाला होता.

या सगळ्याला आता कोण साक्षीदार? एक मंदा, आणि एक तिचा मोठा भाऊ, भाऊराव. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो.

दादा कमीच बोलणारा. पण कपाशीची ती वाईट वर्षं आली तेव्हा तो बोलायचाच थांबला. ती वर्षं कुठून आली, कुणामुळे आली, ते सांगणारे पुष्कळ आहेत आणि सगळ्यांकडे कागद आहेत. माझ्याकडे कागद नाहीत, वास आहेत. माणसांच्या सदऱ्यांना धुऊनही फवाऱ्याचा वास यायचा. चहात येईल, वरणात येईल, लहान लेकराच्या टाळूला येईल. जिनिंगचा भोंगा भलत्याच वेळी वाजायचा, कधी वाजायचाच नाही. रस्त्याकडेच्या बाभळींना गाड्यांवरचा कापूस घासून घासून पांढऱ्या दाढ्या आल्या होत्या आणि त्या दाढ्या वाऱ्यावर हलायच्या. गावात माणसं आधी बोलेनाशी झाली. मग काही दिसेनाशी झाली. ओट्यावर ज्याची जागा रिकामी दिसायची तिच्याकडे कुणी पाहायचं नाही, आणि तिथं कुणी बसायचंही नाही.

दादानं दोन महिन्यांत कुणाला हाक मारली नव्हती. बैलांनासुद्धा तो जिभेनं टक करून हाकायचा.

तेव्हा आम्ही दिग्रसला होतो, माझ्या कचेरीच्या मागं दोन खोल्यांत. खरेदी केंद्राबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागायची. रांग म्हणजे काय सांगू. पहिल्या गाडीवाल्याला जांभई आली की शेवटच्या गाडीपर्यंत पोचायला ती दुपार घ्यायची. चार चार दिवस माणसं गाडीवरच असायची. बैल सोडून चाकाला बांधलेले, खाली चुली, वर कापूस आणि कापसावर माणूस. त्या रांगेत दादाची गाडी आली त्या दिवशी मंदानं माझ्या हातात डबा दिला आणि उंबऱ्यात उभी राहिली.

"दादा बोलत नाही," ती म्हणाली. "तुमाले बोलल्याबिगर राहावत नाही. जाऊन बसा त्याच्याजवळ. काही बी सांगा. पन त्याले बोलतं करा."

"काय सांगू?"

"तुमाले खरं सांगाले कोनी सांगतलं हाय का आजवर?"

मी एका जागी बसणारा माणूस नाही. कचेरीत मला आवक-जावक मुद्दाम दिलं होतं, टेबलाटेबलांत फिरत राहावं म्हणून. आजही मी जेवताना एक घास बसून, एक उभ्यानं घेतो. पण कापसाच्या गाडीवर चढलं की माणूस बुडतो. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. उठायचं म्हटलं तर हात टेकायला काही नसतं, सगळं मऊ, सगळं दबणारं. खालून दिवसभराची ऊब येते, सरकीच्या तेलाचा मंद वास येतो, नाकात तंतू जातो. आयुष्यात मी एका जागी बसलो तो तेवढाच. शेजारी दादा, अंगात पांढरी बंडी, कापसात इतका मिसळलेला की त्याचे फक्त डोळे आणि मिश्या दिसायच्या.

मी सुरू केलं. समुद्रात एक बेट आहे म्हटलं. माझा एक दोस्त जहाजावर आहे, त्यानं डोळ्यांनी पाहिलं. (असा दोस्त नव्हता. मी तोवर अकोल्याच्या पुढं गेलो नव्हतो.) तिथं डोंगर आहे, आणि तो डोंगर रोज सकाळी काळी माती ओकतो. ताजी. वाफा निघणारी. आपली माती शिळी हो, आजोबा-पणजोबांनी खाऊन उरलेली. तिथली चुलीवरून उतरवल्यासारखी. तिथं कपाशी पेरली की झाड होतं, चिंचेएवढं. वेचायला बायका शिडी लावतात. बोंड नारळाएवढं.

पुढच्या गाडीवर तंबाखू चोळणारा एक म्हातारा होता. तो वळला. "बोंड नारळाएवढं, त सरकी केवढी जी?"

"लिंबाएवढी."

"मंग तिफनीतून पडते कशी?"

"तिफण नाही वापरत. खड्डा खणून लावतात, आंब्याची कोय लावतात तशी."

"अन् अळी?" मागच्या गाडीवरून कुणी विचारलं. "बोंड एवढं, त अळी अजगराएवढी असंन."

"अळी त्या मातीत भाजून मरते. बायका खाली पडलेल्या वेचतात आणि कोंबड्यांना घालतात."

हसू रांगेतून पुढं गेलं. पाच-सहा गाड्यांवरची माणसं आपापल्या कापसातून माना काढून ऐकू लागली. दादा तसाच. मी आणखी ताणलं. तिथले लोक म्हटलं, घरात गाद्या करत नाहीत, झाडाखालीच झोपतात, वरून कापूस पडतो. तरी दादा तसाच. माझ्याजवळची थाप संपत आली, आणि तेव्हा माझ्या शेजारचा कापूस हलला.

"बैलं चालतात का तिथी?" दादानं विचारलं.

दोन महिन्यांनी निघालेला आवाज. गंजलेल्या मोटेच्या चाकासारखा. मला काय उत्तर द्यावं सुचेना. मला न सुचण्याचा तो प्रसंग म्हणून आमच्या घराण्यात लिहून ठेवायला हवा. मग म्हणालो, "चालतात ना. पण माती तापलेली. पाय भाजतात. म्हणून बैलांना जोडे घालतात."

"चारी पायाले?"

"चारी पायांना."

दादानं चाकाला बांधलेल्या आपल्या बैलांचे खूर पाहिले. "मंग नाड्या कोन बांधते?" त्यानं विचारलं.

त्या चार दिवसांत त्यानं मला इतकं विचारलं की मी कचेरीत फिरता फिरता उत्तरं तयार करायचो. मातीची खोली किती. वाफसा किती दिवसांनी येतो. डोंगर भलत्या वेळी ओकला तर उभ्या पिकाचं काय. तण काढायला डवरणी कोण करतं, शिडीवरून पडलेल्या बाईला कोण पाहतं. मी सांगायचो, आणि संध्याकाळी घरी येऊन मंदाला सांगायचो, म्हणजे दोघांच्या सांगण्यात फरक पडू नये. गाडी रिकामी झाली तेव्हा दादानं धोतराच्या सोग्यातून एक चुन्याची डबी काढली. आत मूठभर देशी सरकी, शेण-राखेत घोळलेली, पेरायला तयार करतात तशी.

"तुमी काही एका जागी बसनारे नाही," तो म्हणाला. "कवातरी जासान तिथी. गेल्यावर पेरजा. अन् उगवली का नाही ते मले येऊन सांगजा."

मी हो म्हणालो. हो म्हणायला मला कधीच काही लागलं नाही. दादा गाडी जुंपून गेला, आणि वळणावर त्यानं बैलाला मोठ्यानं नावानं हाक मारली ती मी आणि मंदानं दोघांनी ऐकली. मंदानं डबी देवापाशी नेऊन ठेवली. बदल्या झाल्या, घरं बदलली. नेरला राहिलो, यवतमाळला राहिलो, डबी देवांबरोबर फिरली. कधीमधी दादा भेटला की विचारायचा, "गेलते का?" मी म्हणायचो, "अजून नाही." तो मान हलवायचा आणि त्या वर्षीचं पीक सांगायला लागायचा. वर्षं अशी गेली. तो वाट पाहत होता की गंमत करत होता, हे मला कधी कळलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता दादा ऐंशीला टेकलाय. गुडघे गेले, ओसरीतून वावर पाहत बसतो. या वर्षी पुन्हा त्याचं बोलणं थांबत आलं. मंदानं फोनवर सांगितलं, आम्ही पल्लवीकडे चाललो, एक बेट पाहायचं आहे.  त्यानं एवढंच विचारलं, "काळ्या मातीचं?" आणि फोन ठेवला. निघायच्या दिवशी मंदानं डबी माझ्या हातात दिली. "पेरून या," म्हणाली. "आन् आल्यावर त्याले जे झालं तेच सांगजा. आता या वयात त्याले तुमी फसवू नोका. अन् सोताले बी."

म्हणजे बघा माझी अवस्था. थाप मारायला मला कधी तयारी लागली नाही, पण खरं सांगायचं म्हटल्यावर आठ दिवस झोप उडाली. बोटीत मी या टोकापासून त्या टोकापर्यंत इतका फिरलो की ते बेट, मी हिशोबानं सांगतो, निम्मं पायी गाठलं.

मी अजून पाण्यातच उभा होतो, तेव्हा पल्लवीनं झाडाखालून जोडे आणून दिले. मंदा माझे तळवे पाहत होती. "बैलाले चारी पायात जोडे घातले," ती म्हणाली, "अन् सोताचे काढून ठेवले."

उन्हं कलल्यावर मी जागा निवडली. लाटा येत होत्या तिथून वर, एका काळ्या खडकाच्या आडोशाला. रेतीची मूठ दाबली. आमच्याकडे तसंच पाहतात. मूठभर मातीचा गोळा करायचा, कमरेच्या उंचीवरून टाकायचा, पडून फुटला तर वाफसा आला, पेरायचं, चिकटून बसला तर ओल जास्त, थांबायचं. माझा गोळा थपकन पडला आणि पडला तसा राहिला. ओल होती खाली. मी तो पाहिला, आणि पाहिला नाही असं केलं. नावाडी हाका मारत होता, बोट जाणार होती, माझे पाय ठणकत होते, मला तिथून हलायचं होतं. मी बोटानं एक तास, पेरणीची सरळ रेघ, ओढलं, दहा-बारा हात लांब. सरकी टाकली. तीस वर्षांची सरकी उगवत नाही हे मलाही कळतं. तरी एक एक दाणा टाकला, वीतभर अंतरानं, आणि मंदानं मागून रेती सारली, पेरणीत बायका सारतात तशी, पायानं, हलकेच.  दोन दाणे उरले ते तिनं पदरात बांधले.

झाडांपर्यंत आलो आणि मी वळून पाहिलं. समुद्र चढत होता. एक लाट नेहमीपेक्षा लांब आली, खडकाला वळसा घालून, शेजारणीनं सहज डोकवावं तशी, आणि परत गेली. मागं काळी रेती. तास नाही, पाऊल नाही, काही नाही. जणू तिथं कधी कुणी काही पेरलंच नव्हतं.

घरी आल्यावर मंदानं माझे जोडे वर्तमानपत्रावर झटकले. शिवणीतून, तळव्याखालून, मोज्यांतून काळी रेती निघाली, अर्धी मूठ. मी चोरली नाही हो. ती आपल्या पायानं आली. ती मी त्याच डबीत भरली आणि आम्ही गावी गेलो.

दादा ओसरीत होता. समोर वावर, काळंभोर, पेरणीच्या आधीचं. सून पाण्याचा तांब्या ठेवून गेली. मला बसवेना. मी ओसरीच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत फिरत होतो, मंदा दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती, आणि दादाचे डोळे माझ्या पायांबरोबर फिरत होते.

"लंगडून राह्यले," दादा म्हणाला.

"भाजले."

मग मी सांगितलं. सगळं, जसं झालं तसं. कपाशी नाही, शिडी नाही, बैल नाही. माती नाहीच दादा, नुसती रेती, दगडाचं पीठ. तो दोस्त नव्हता, मी तेव्हा काही पाहिलं नव्हतं, तोंडाला आलं ते बोललो होतो. तुमची सरकी मी पेरली, एकच तास ओढून. लाट आली आणि घेऊन गेली. उगवली नाही. उगवणारही नव्हती. एवढं खरं मी आयुष्यात एका दमात बोललो नव्हतो. शेवटी मला खांबाला धरावं लागलं. दारात मंदानं पदराची ती गाठ मुठीत धरली होती.

दादानं हात पुढं केला. मी डबी दिली. त्यानं रेती तळहातावर ओतली, तांब्यातलं पाणी त्यावर शिंपडलं, अंगठ्यानं कालवलं, वासही घेतला. मग मूठ आवळली.  खाटेवर बसल्या बसल्याच त्यानं हात कमरेच्या उंचीवर धरला आणि मूठ सोडली. गोळा ओसरीच्या सारवलेल्या जमिनीवर पडला आणि फुटला, चार तुकडे, भोवती काळा भुगा.

दादा त्या तुकड्यांकडे पाहत राहिला. मग वावराकडे. मग माझ्याकडे, मी अजून उभाच होतो.

"माती बराबर हाय," तो म्हणाला. "पानी उतरू द्याचं होतं. दोन दिवस थांबाले पाह्यजे होतं तुमी."